माझ्या एकटीच्या लेकरानं काय व्हतंय?

दसरा झाला की गंगाखेड तालुक्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. उचल घेतलेली असते, कोयते कारखान्याकडं निघतात. अशाच एका टोळीच्या ट्रॅक्टरपुढं आशाताई लसीचा डबा घेऊन उभी राहिली.

"पोलिओ गेला ना देशातून?" मुकादम वैतागला.

खरंच गेलाय. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला.

ताईनं कुपीवरचा चौकोन पाहिला. भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिका, म्हणजे लस चांगली. भांड्याकुंड्यांतून, शेळ्यांतून एकेक लेकरू हुडकून तिनं थेंब पाजले, डाव्या करंगळीला शाई लावली. एका आईनं मात्र बाळ पदराआड घेतलं. "सगळ्यांनी घेतलं की. माझ्या एकटीच्या लेकरानं काय व्हतंय?"

ताई तिच्याजवळ टेकली. "थेंबातला विषाणू जिता असतो, पण दुबळा. लेकराच्या आतड्यात काही आठवडे राहतो, वाढताना थोडा थोडा बदलतो, शीवाटे बाहेर पडतो. भोवतीच्या समद्या लेकरांनी थेंब घेतलेले असले की तिथंच संपतो. पण कोप्यांवर बरीच लेकरं राहून गेली, तर ह्याच्या पोटातून त्याच्या पोटात फिरत राहतो. वरीसभर असा बदलत गेला, की पाय लुळा करायची ताकद परत येते."

"मग पाजताच कशाला?"

"खरा पोलिओ अजून पाकिस्तान-अफगाणिस्तानात हाय, बाई. त्याला शिवेवर कोण अडवणार?"

ताईनं एक सांगितलं नाही, सांगायला वेळही नव्हता. मूळचा दुसऱ्या प्रकारचा पोलिओ १९९९ नंतर कुठंच दिसला नाही, पण थेंबातला त्याचा दुबळा भाऊ मात्र असा पालटत राहिला. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये त्याला थेंबांतून काढूनच टाकलं.

"माझं एकच हाय वं," आई पुटपुटली.

"मागच्या ट्रॉलीतली बी हेच म्हणली. तिच्या मागची बी."

कोपऱ्यातली म्हातारी खेकसली, "श्रावणात खुलभर दुधाची कहाणी ऐकतीस ना? गाभारा कुणाच्या दुधानं भरला?"

बाईनं पदर सारला. बाळानं थेंब गिळून तोंड वाकडं केलं.

"झालं ना?" मुकादमानं विचारलं.

"जीपमधला तुमचा नातू राहिला."

"त्याच्या एकट्यानं काय..." म्हणता म्हणता मुकादम गप झाला. सगळी ट्रॉली त्याच्याकडं बघत होती. मग त्यानं स्वतःच जीपचं दार उघडलं.