मेंदूला हात लावावा का?



सामान्य काळातील चौथ्या आठवड्याच्या सोमवारी मिस्सामध्ये संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला जातो. थडग्यांत राहणारा, रात्रंदिवस ओरडणारा आणि दगडांनी स्वतःचेच अंग ठेचून घेणारा तो माणूस तुम्हाला आठवत असेल. मी पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तिथल्या एका बाईंनी तो उतारा ऐकून मला फोन केला. म्हणाल्या, "फादर, हा तर माझाच मुलगा."

मुलाला टूरेट सिंड्रोम आहे. मान हिसकते, तोंडातून नको ते आवाज निघतात आणि मूठ स्वतःच्याच जबड्यावर आदळते. औषधे झाली, प्रार्थनासभा झाल्या. आता डॉक्टरांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला होता. देवाने घडवलेल्या मेंदूला हात लावणे पाप तर नाही ना, हा त्यांचा प्रश्न.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हा सैतान नव्हे आणि खोडसाळपणाही नव्हे. डॉ. जॉर्ज झिल द ला टूरेट यांनी 1885 साली फ्रान्समध्ये नऊ रुग्णांवरून या आजाराचे वर्णन केले. रुग्ण ती हालचाल थोडा वेळ दाबून धरू शकतो, आपण शिंक दाबतो तशी; पण शेवटी ती बाहेर पडतेच. संत थॉमस अक्वायनस समजून-उमजून केलेली मानवी कृती आणि माणसाकडून नुसतीच घडणारी कृती यांत फरक करतात. दुसरीचे त्यांचे उदाहरण आहे दुसऱ्याच विचारात असताना दाढी खाजवण्याचे. पापाचा प्रश्न पहिल्या प्रकारातच येतो.

मेंदू हा अस्पर्श अवयव आहे असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. गाठ झाली तर आपण ती काढतोच. भीती वेगळ्या गोष्टीची आहे आणि तिला इतिहास आहे. पोर्तुगालचे डॉ. एगास मोनीझ यांनी 1935 साली मानसिक रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. 1949 साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले! अमेरिकेत हजारोंवर ती झाली. 1941 साली केनेडी या कॅथलिक घराण्यातील रोझमेरी हिच्यावर, ती 23 वर्षांची असताना, वडिलांनी ती करवून घेतली. आईला आधी सांगितलेही नव्हते. मुलगी पुढे नीट चालू-बोलू शकली नाही. तिचे बहुतेक आयुष्य विस्कॉन्सिनमधील फ्रान्सिस्कन सिस्टरांच्या संस्थेत गेले.

पोप बारावे पायस यांनी सप्टेंबर 1952 मध्ये रोममध्ये डॉक्टरांसमोर बोलताना मर्यादा घालून दिली. आजाराचे ओझे हलके होत असले तरी, ज्या उपचाराने माणसाचे स्वातंत्र्य कायमचे नष्ट होते किंवा फार कमी होते, तो उपचार करता येणार नाही आणि रुग्णाने स्वतःवर करवूनही घेता येणार नाही. त्याने माणसाचे जिवंत यंत्र होते.

टूरेटसाठी 1999 साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी केलेली शस्त्रक्रिया निराळी आहे. तीत काही कापून टाकत नाहीत. मेंदूच्या खोल भागात बारीक तारा बसवतात, छातीवर कातडीखाली बॅटरी ठेवतात, आणि मंद विद्युत स्पंदने पाठवतात. नको वाटले तर यंत्र बंद करता येते. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका आहे, गुण सर्वांनाच येतो असे नाही, आणि बाकीचे उपाय थकल्यावरच तिचा विचार करतात. पण पोपमहाशयांची कसोटी इथे लावली तर उत्तर उलट येऊ शकते. ज्याचा हात त्याचे ऐकत नाही, त्याला स्वतःचा हात परत मिळत असेल, तर स्वातंत्र्य वाढलेच की.

मला खरा प्रश्न दिसतो तो शस्त्रक्रिया कुणासाठी, हा. शुभवर्तमानातील गावकऱ्यांनी त्या माणसाला साखळदंड घातले होते. कुणाच्या सोयीसाठी? रोझमेरीचे ऑपरेशन तिच्यासाठी होते की घराण्यासाठी? अर्थात, प्रत्येक बंधन वाईट असेही नाही. लेश-नायहन नावाच्या आजारात मुले स्वतःचे ओठ आणि बोटे चावतात. वेदना त्यांना होतात, म्हणून कित्येक मुले स्वतःच हात बांधा म्हणून विनवतात. तेव्हा बांधणेही प्रेमच. जी मुले बोलूच शकत नाहीत त्यांच्याबाबत आईबापांना ठरवावे लागते, आणि ते फार जड आहे. पण बोलता येणाऱ्याला विचारलेच पाहिजे. आपल्या देशाच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मानसिक आजारासाठी अशी शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची संमती आणि मंडळाची मंजुरी, दोन्ही सक्तीची केली आहेत. येशूने त्या माणसाला त्याचे नाव विचारले होते.

त्या बाईंचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. मी म्हणालो, "त्याचे स्वतःचे काय म्हणणे आहे?" थोडा वेळ फोनवर काही ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, "थांबा फादर, त्यालाच देते."

आम्ही बराच वेळ बोललो. त्याचा पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा नव्हता. चर्चमध्ये त्याच्या तोंडून आवाज निघाला की पुढच्या बाकांवरचे लोक वळून बघतात, म्हणून तो चार वर्षे मिस्साला गेलेला नाही. ऑपरेशन न करता आले तर चालेल का, असे त्याने विचारले.