‘पण’ या शब्दाविषयी विचार



आपल्या भाषेत दोनच अक्षरांचा एक शब्द आहे. परंतु त्याच्यापाशी येऊन मोठमोठे संकल्प थबकतात. तो शब्द ‘पण’ होय. मृगाचे दिवस सरल्यावर वाशीमकडील कोणत्याही गावी जा. एक शेतकरी म्हणेल, “पेरणी उरकणारच होतो, पण पावसाने दडी मारली.” दुसरा म्हणेल, “शेजाऱ्याला बैलजोडी देणारच होतो, पण राहून गेले.” शब्द एकच, तथापि पहिला अडविला गेला, आणि दुसरा आपण होऊन अडून बसला. या दोहोंतील भेद कसा ओळखावा?

शास्त्रात दोन्ही प्रकार आढळतात. लूककृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात एक मनुष्य प्रभूच्या मागे येण्यास सिद्ध आहे, पण त्याला आधी घरच्यांचा निरोप घ्यावयाचा आहे. नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याचे तास वाकडे जाते, हे आपणा कुणब्यांस सांगावयास नको. उलटपक्षी, पौलाने रोमला जाण्याचे पुष्कळदा योजिले, पण त्याला अडथळा आला. मग त्याने काय केले? पत्र लिहिले. दाविदाने मंदिर बांधावयाचे मनात आणिले, पण त्याला परवानगी मिळाली नाही. तेव्हा त्याने रुसून न बसता आपल्या पुत्रासाठी दगड, लोखंड व गंधसरूची लाकडे जमविली.

यावरून कसोटी अशी निघते की, ‘पण’च्या आधी काय म्हटले ते पाहू नये; नंतर काय केले ते पाहावे. सबबीचा ‘पण’ तेथेच संपतो. खऱ्या संकल्पाच्या ‘पण’पुढे दुसरे काम सुरू होते.

आपल्या साहित्यातील उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले, पण १९१९ साली ते निवर्तले व काव्य अपुरे राहिले. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. तरी त्यांनीच ते पुढे नेले.

शब्दाचे मूळही हेच शिकविते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. तेथील राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतात रचिले; ते आज समग्र उपलब्ध नाही, त्यातील काही वेचे तेवढे पुढील ग्रंथकारांनी राखिले. त्या प्राकृतात ‘पुण’ असा शब्द होता. तो संस्कृत ‘पुनः’पासून आला, आणि त्यापासूनच आपला ‘पण’. म्हणजे ज्या शब्दाने आपण हात टेकितो, त्याच्या पोटी ‘पुन्हा’ हा अर्थ दडलेला आहे! प्रतिज्ञेलाही आपण ‘पण’च म्हणतो, जनकाचा पण लहान मुलांसही ठाऊक आहे. त्या शब्दाचे कूळ निराळे, परंतु कानाला दोन्ही सारखेच.

तेव्हा, वाचकहो, ज्याचा बेत खरोखर मोडला त्याला दोष लावू नका. त्याची इच्छाही देवापाशी मोजली जाते. परंतु आपल्या स्वतःच्या तोंडी ‘पण’ आला, की क्षणभर थांबून मनास विचारावे: हा माघारीचा पण, की पुन्हा उठण्याचा?