आजीचे आकडे, नातीचे आकडे

खगोलशास्त्र म्हटले की दुर्बीण आठवते. उल्कावर्षावात मात्र ती अडचणच. तिच्यातून आकाशाचा चिमूटभर तुकडा दिसतो, आणि उल्का कुठे चमकेल हे आधी कुणालाच ठाऊक नसते. उघडे डोळे, घोंगडी आणि काळोख एवढेच भांडवल लागते. वेण्णेच्या खोऱ्यातल्या मेढ्याला चहूकडच्या डोंगरांमुळे क्षितिज आखूड असले, तरी मिथुन राशीतल्या उल्कांसाठी ते पुरते. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला रात्री दोनच्या सुमारास ही रास इथे जवळजवळ माथ्यावर, सुमारे ७५ अंश उंचीवर येते. उत्तर युरोपातल्या निरीक्षकाला इतकी उंची मिळत नाही.

या वर्षावासाठी तासाला १२० ते १५० उल्का असा आकडा छापून येतो आणि तिथेच निराशेची सोय होते. तो आदर्श आकाशाचा हिशेब आहे. गावातल्या दिव्यांत किंवा चांदण्यात त्याचा छोटा हिस्साच पदरी पडतो. पण हा आकडा येतो कुठून? बराचसा हौशी लोकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या मोजणीतून. १९८८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा नोंदी गोळा करते, आणि गटाने बसलात तरी प्रत्येकाने आपापली नोंद वेगळी ठेवावी, असा तिचा दंडक आहे. वय वाढले की अंधारात डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही, म्हणून अंधूक उल्का नातीच्या वहीत जास्त आणि आजीच्या वहीत कमी येणार. आजीची मोजणी त्यामुळे चुकीची ठरत नाही. घरात एरवी एकमताचा केवढा आग्रह असतो. इथे एकमत घडवून आणले तर नोंदच बिघडते.

मग एकत्र बसायचेच कशाला, असे कुणी विचारेल. ‘तो बघा!’ म्हणेपर्यंत उल्का विझलेली असते, हे खरेच. पण प्रत्येकाने आकाशाची वेगळी बाजू धरली तर एकट्याच्या नजरेतून निसटलेल्या उल्का दुसऱ्याला सापडतात, आणि थंडीत जागे राहायला गप्पांइतका उपाय नाही. हे सारे मोबाइलवर घरबसल्या दिसते, हा आक्षेप त्याहून कच्चा. ती चित्रे बहुधा तासन्‌तासांचे छायाचित्रण एका चौकटीत रचून केलेली असतात. दोन उल्कांमधला रिकामा वेळ त्यांत उरत नाही, आणि वर्षावाचा वेग तर त्या रिकाम्या वेळेवरूनच कळतो. शिवाय तोच मोबाइल गच्चीवर उघडला, तर अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीसतीस मिनिटे जातात.