पावलं कोमट होईपर्यंत

डोळे तपासायला गेलं की सिस्टर आधी थेंब घालतात आणि बजावतात, "मिटून बसा, मी सांगेपर्यंत उघडू नका." गेल्या महिन्यात मी असाच बसलो होतो. थोड्या वेळाने डोळे उघडायची परवानगी मिळाली, म्हणून समोरचं वर्तमानपत्र उचललं. मथळे दिसत होते, पण खालचा मजकूर विरघळल्यासारखा झाला होता. मोबाइल हातभर लांब धरला तरी अक्षरं जुळेनात. बेसिनवरच्या आरशात पाहिलं तर बाहुली एवढी पसरली होती की भोवतीच्या तपकिरी रंगाची जेमतेम कड उरली होती.

शेजारी एक काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला आले होते. सिस्टरनी त्यांना विचारलं, "काका, लघवीसाठी काही गोळी चालू आहे का?" काका गोंधळले. डोळ्याच्या दवाखान्यात लघवीची चौकशी कशासाठी, हे त्यांना कळेना. मला मात्र तो प्रश्न घरी आल्यावरही सोडेना, कारण माझे थेंब आणि त्यांची गोळी ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

बाहुलीभोवती दोन स्नायू असतात. एक बटव्याच्या नाडीसारखा गोल फिरलेला. तो आवळला की बाहुली लहान होते. दुसरा चाकाच्या आऱ्यांसारखा, तो ओढला गेला की बाहुली मोठी होते. दोघांची ओढ दिवसरात्र चालू असते. माझ्या डोळ्यात घातलेल्या थेंबांनी बाहुली उघडली नव्हती. नाडी आवळून धरा हा जो निरोप मेंदूकडून अखंड येत असतो, तो त्यांनी फक्त पोचू दिला नाही. नाडी सैल पडली आणि आऱ्यांनी बाहुली आपोआप ताणून घेतली. जवळचं वाचण्यासाठी डोळ्यातलं भिंग फुगवणारा स्नायूही त्याच निरोपावर चालतो, म्हणून अक्षरंही गेली. काकांची गोळी प्रोस्टेटजवळचा आवळलेला स्नायू सैल करते, आणि तशाच प्रकारचे निरोप घेणारी जागा बाहुलीच्या आऱ्यांवरही असते. अशा माणसाची बाहुली ऑपरेशनच्या वेळी लुळी पडते, नीट ताणून राहत नाही. सर्जनला ते आधी ठाऊक असावं लागतं.

आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या या कारभाराला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिच्या दोन शाखा, अनुकंपी आणि परानुकंपी. शाळेत आपण शिकलो की एक धावपळीची आणि दुसरी विश्रांतीची, एक चालू झाली की दुसरी बंद. मला हे वर्णन पटत नाही. दोन्ही सदैव चालू असतात आणि आपली साधी, शांत अवस्था ही त्यांच्या रस्सीखेचीतून तयार होते. याचा पुरावा रोखणाऱ्या औषधांनीच दिला. निरोगी तरुणाला अॅट्रोपिन देऊन परानुकंपी बाजू गप्प केली आणि प्रोप्रॅनोलॉल देऊन अनुकंपी बाजूही गप्प केली, तर हृदय किती गतीने धडधडेल? उत्तर आहे मिनिटाला साधारण 105. म्हणजे ही हृदयाची स्वतःची, कुणीही हात न लावलेली गती. आपण निवांत बसलेलो असताना नाडी 70 लागते, ती हृदय शांत असतं म्हणून नव्हे, तर कुणीतरी लगाम ओढून धरलेला असतो म्हणून. वय वाढतं तशी ही मूळ गती उतरते, पन्नाशीत ती 90च्या आसपास येते. लगाम सोडून पाहिल्याशिवाय हे कळलंच नसतं.

मज्जातंतू निरोप देतात ते रसायनाच्या रूपाने, हे 1921 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवींनी बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित केला, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. पाण्यात काहीतरी उतरलं होतं. या निरोपाला उतरायला पेशीवर ठरावीक जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. रोखणारं औषध त्या जागेवर जाऊन बसतं आणि काहीच करत नाही. निरोप्या येतो, त्याला जागा मिळत नाही, तो परत जातो. औषध म्हणजे शरीरात बाहेरून काहीतरी बळ घालणं, अशी आपली समजूत असते. इथे औषधाचं सगळं सामर्थ्य जागा अडवून स्वस्थ बसण्यात आहे. म्हणूनच कुठली जागा अडवायची आणि किती वेळ, याच्यावर सगळं येऊन थांबतं.

ही निवड माणूस हळूहळू शिकला. 1948च्या सुमाराला हेक्झामेथोनियम आलं. मज्जातंतू जिथे एकमेकांच्या हाती निरोप सोपवतात त्या गाठींवरच ते बसायचं, त्यामुळे दोन्ही शाखा एकदम बंद. भयंकर वाढलेला रक्तदाब उतरायचा हे खरं. पण माणूस उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी, तोंड कोरडं, पोट साफ नाही, लघवी अडलेली. घरात एक दिवा नको म्हणून गल्लीतलाच फ्यूज काढल्यासारखं ते होतं. त्याच वर्षी अमेरिकेत रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं की अॅड्रेनालिन घेणाऱ्या जागा एकाच जातीच्या नाहीत. अल्फा आणि बीटा अशी नावं त्यांनी दिली. रक्तवाहिन्या आवळते ती मुख्यतः अल्फा, हृदयाला पळवते ती बीटा. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते जेम्स ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टरांनी. छातीत कळ येते कारण हृदयाला मागणीइतकं रक्त मिळत नाही, म्हणून जो तो पुरवठा वाढवायच्या मागे होता. ब्लॅक यांनी विचार केला, मागणीच कमी केली तर? अॅड्रेनालिनचा चाबूक हृदयावर पडूच दिला नाही तर? 1960च्या दशकात त्यातून प्रोप्रॅनोलॉल आलं, 1988 साली त्यांना नोबेल मिळालं. आज कितीतरी घरांत चहाच्या डब्याशेजारी बीटा-ब्लॉकरची पट्टी पडलेली असते, तिच्यामागे हा साधा, उलटा विचार आहे. माझी काळजी एवढीच की त्या घरांना गोळीचं नाव माहीत असतं, तिचा स्वभाव माहीत नसतो. जागा अडवून ठेवल्या की शरीर कालांतराने नव्या जागा मांडतं. बरं वाटतंय म्हणून गोळी एका दिवशी तोडली तर त्या सगळ्या वाढलेल्या जागांवर अॅड्रेनालिन एकदम येऊन बसतं, आणि पुन्हा कळ, कधी झटकासुद्धा येतो. दम्याच्या माणसात काही बीटा-ब्लॉकर श्वासनळ्या आवळतात. मधुमेह्याची साखर घसरली की जी धडधड त्याला सावध करते, तीच ही गोळी झाकून टाकते. डॉक्टर एका वाक्यात "अचानक बंद करू नका" म्हणतात, त्या वाक्याला दोन मिनिटं अधिक मिळायला हवीत.

अडवणं म्हणजे नेहमी थोडंसं अडवणं, असंही नाही. फवारणी करताना कीटकनाशक अंगात गेलेला शेतकरी येतो, तेव्हा त्याच्या परानुकंपी शाखेचे निरोप पुसलेच जात नसतात, एकावर एक साचत जातात. लाळ, घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छाती पाण्याने घरघरणारी. ज्या अॅट्रोपिनचा 0.6 मिलिग्रॅमचा एक छोटा अँप्युल एरवी पुरतो, तो इथे डझनांनी फोडावा लागतो. छाती कोरडी होईपर्यंत डोस दुपटीने वाढवत नेतात. जास्त झालं तर रुग्ण बडबडतो, चादर चिवडतो, हवेतलं काहीतरी पकडायला बघतो, धोतरा खाल्ल्यासारखा. धोतऱ्यात असतं तेही याच जातीचं विष आहे. वेळीच दिलं तर तेच औषध, आणि त्या दोहोंमधली रेघ ओढत कुणीतरी रात्रभर खाटेजवळ उभं असतं.

या सगळ्या विषयातली मला सर्वांत जवळची गोष्ट कोकणातली आहे. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे तांबडा विंचू चावलेली माणसं यायची, बरीचशी मुलं. भाताच्या पेंढ्यातून, जळणाच्या मोळीतून, जांभ्याच्या फटीतून निघालेला विंचू. विंचू उतरवणारे गावोगाव होते, आणि वैद्यकीय पुस्तकात या दंशावर उपयोगी पडेल असं फारसं काही नव्हतं. गंभीर रुग्णांपैकी 30 ते 40 टक्के दगावत. डॉक्टर खाटेशी बसून तासातासाला नोंदी ठेवत राहिले. आधी उलटी, दरदरून घाम, लाळ. मग हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब चढलेला, हृदय धावतंय. आणि पुढे छातीत पाणी, तोंडातून गुलाबी फेस.

विंचवाचं विष मज्जातंतूंची सोडियमची दारं उघडी ठेवतं, त्यामुळे दोन्ही शाखा बेभान सुटतात. परानुकंपी शाखेचा जोर लवकर ओसरतो, अनुकंपी शाखेचा ओसरत नाही. रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की हृदयाला बंद दारावर धडका माराव्या लागतात, आणि ते थकतं. जीव घेतं ते विषापेक्षा, विषाने उधळलेलं स्वतःचंच अॅड्रेनालिन आणि नॉरअॅड्रेनालिन. हे उमगल्यावर प्रश्न उरतो, कुठली जागा अडवायची. घाम आणि लाळ दिसते म्हणून अॅट्रोपिन द्यावं, तर उरलासुरला लगामही तुटतो. हृदय धावतंय म्हणून बीटा-ब्लॉकर द्यावा, तर थकलेल्या हृदयाची ताकद जाते आणि आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतात. दोन्ही औषधं रोखणारीच. पण बावस्करांनी उचललं ते तिसरं रोखणारं औषध, प्राझोसिन, रक्तदाबावर मिळणारी एक साधी, स्वस्त गोळी, जी फक्त अल्फा जागांवर बसते. वाहिन्या सैल पडल्या, हृदयापुढचं दार उघडलं. 1980च्या दशकापासून हा उपचार रुळला आणि मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. पुढे प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही डॉ. प्रमोदिनी आणि डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासून दाखवलं. 2022 साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. मला मात्र त्या उपचारातली एक बारीक सूचना पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. झोपून असेल तोवर मूल सुरक्षित असतं, उभं धरलं की डोक्याकडचं रक्त उतरतं. आणि विंचू चावलेलं मूल रडायला लागलं की आई पहिलं काय करणार? उचलून खांद्याशी धरणार. म्हणून गोळीचा लहानसा तुकडा मुलाच्या पोटात गेला की आईला समजावून सांगायचं असतं, "बाई, याला उचलू नका. निजू द्या. तुम्ही हात धरून बसा." तीही एक रोखलेली ओढ, आणि तिच्यासाठी गोळी नाही.

मग दर तीन तासांनी पुढचा डोस. कधी थांबायचं हे सांगायला महागडं यंत्र लागत नाही. पांघरूण बाजूला करून तळपायाला हात लावून बघायचा. गार असेल तर आणखी एक तुकडा. आई वाकून स्वतःच बघू लागते, दर थोड्या वेळाने, एकेक बोट चाचपून. पहाटेच्या सुमाराला कधीतरी त्या पावलांवरच्या शिरा पुन्हा दिसायला लागतात.