आधी पंगत, मग पोथी

थोडा वेळ स्वस्थ बसा. मूल झोपलं असेल, ओटा आवरून झाला असेल, तर ही वेळ चांगली. श्वास येऊ द्या, जाऊ द्या. त्याला वळण लावायचं नाही.

आता मनाने शेगावला या. तुम्ही न्यू जर्सीत असाल, तर हिवाळ्यात तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा इथे बुलढाणा जिल्ह्यात दुसऱ्या दिवशीची पहाट असते, पाचचा सुमार. गजानन महाराजांच्या दर्शनाला निघालेली माणसं डोळ्यांपुढे आणा. तुमच्या लेकराने हे पाहिलेलं नाही, किंवा एखाद्या सुट्टीत, उन्हात आणि गर्दीत, तुमच्या कडेवरून पाहिलं असेल. आपल्याला मिळालं ते त्याला मिळत नाही, ही खंत वर येईल. येऊ द्या. तिला फक्त एवढं विचारा: ही खंत लेकराची आहे, की माझी?

उत्तराची घाई नको.

आता आणखी मागे जा. २३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी. देविदास पातूरकरांच्या घरी जेवणावळ झाली आहे. बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं एक तरुण वेचून खातो आहे. बंकटलाल अगरवाल आणि दामोदर कुलकर्णी थबकून पाहतात. तहान लागल्यावर तो गुरांसाठी भरलेलं पाणी पितो. ना मंदिर, ना पालखी, ना पोथी. एवढ्यावरच थांबा आणि पाहा: शेगावची सुरुवात अन्नाच्या कणापासून झाली आणि वाट चालता चालता थांबलेल्या दोन माणसांपासून.

तो कोण, कुठला, कोणाचा, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. महाराजांचं मूळ गाव आजही नक्की सांगता येत नाही. शेगावने एका परक्या माणसाला आपलं म्हटलं आणि ८ सप्टेंबर १९१०ला, ऋषिपंचमीच्या दिवशी, त्याने इथेच समाधी घेतली. तुमच्या लेकराला शाळेत कोणीतरी विचारणार आहे, ‘तू मूळचा कुठला?’ त्या प्रश्नाने ते खजील होऊ नये असं वाटत असेल, तर ही गोष्ट त्याला लवकर सांगा. माणूस कुठून आला यापेक्षा त्याला जवळ कोणी केलं, हे मोठं असतं.

पुन्हा एक संथ श्वास.

आता तुमचा तिथला परिवार आठवा. गुरुवारी सवड नसते, म्हणून शनिवारी कोणाच्या तरी तळघरात जमलेली दहा-बारा घरं. महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले त्या तिथीचा प्रकटदिनही जवळच्या सुट्टीच्या दिवशी. दासगणूंच्या ‘गजानन विजय’चे २१ अध्याय आपसांत वाटून घेतलेले. पिठलं, भाकरी, ठेचा. आणि तेलुगू गिऱ्हाइकांसाठी दुकानात ठेवलेला गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच, म्हणून अंबाडीची भाजीसुद्धा. लेकराची सख्खी आत्या, मावशी हजारो मैलांवर आहे. तिथे मात्र त्याला उचलून घेणाऱ्या चार काकू आहेत, मागे पळणारे दादा-ताई आहेत. या माणसांचे चेहरे एकेक करून आठवा. प्रत्येकाचं मनातल्या मनात नाव घ्या.

याच घोळक्यात लेकरू कोमेजण्याच्या जागाही असतात, त्याही पाहा. ‘महाराजांची बावन्नी त्याची पाठ आहे, हिची का नाही?’ ‘मराठी बोलत नाही का हा?’ हे प्रेमानेच विचारलं जातं, पण पाच वर्षांचं पोर ते ऐकून आईच्या मागे दडतं. पुढच्या वेळी असं झालं तर खांद्यावर हात ठेवून त्याच्या बाजूने उभं राहणं, हीसुद्धा उपासनाच आहे. नमस्कारासाठी त्याची मान धरून वाकवू नका. तुम्ही वाका. ते पाहतं आहे.

आणि ते विचारेल. ‘महाराज चिलीम का ओढतात? अंगात कपडे का नाहीत?’ गप्प करू नका, गोलमोल उत्तरही देऊ नका. सांगा की ते विरक्त होते, त्यांना कपड्याची गरज वाटली नाही. त्या काळच्या साधूंमध्ये चिलमीची रीत होती. आपण ओढत नाही, कारण धुराने शरीर बिघडतं. खरं उत्तर मिळालेलं मूल पुढचा प्रश्नही तुमच्याकडेच आणतं.

शेवटी शेगावच्या सेवेकऱ्यांकडे पाहा. गावोगावची माणसं घरचं काम बाजूला ठेवून आपल्या पाळीला येतात आणि मोबदला न घेता झाडतात, वाढतात, रांगेतल्या म्हाताऱ्यांना हात देतात. शेगाव परदेशात न्यायचं तर हेच न्यावं लागेल, आणि ते लेकराच्या ओंजळीत मावतं. ओव्या त्याला उद्या कळतील, कदाचित कळणारही नाहीत. पण आधी दुसऱ्याला वाढायचं, ताटात शीत ठेवायचं नाही, दाराशी नवं कोणी आलं तर सरकून जागा करायची, हे त्याला आजच कळतं. मोठेपणी त्याने पोथी उघडली तर आनंद आहे. नाही उघडली, तरी पत्रावळीजवळ थांबलेल्या त्या दोघांसारखं ते कोणासाठी तरी थांबलं, तर तुमचं वाढवणं वाया गेलं नाही.

येत्या प्रकटदिनी लेकराला पहिल्या ओळीत बसवून गप्प राहायला सांगू नका. त्याच्या हाती मिठाची वाटी द्या आणि पंगतीत वाढायला पाठवा. सांडलं तर सांडू द्या.