चढणारी आणि पळणारी

अंबडच्या एमआयडीसीत एक फिटर होता. त्याची हयात शॉकअप जोडण्यात गेली होती. त्याच्या भाच्याकडे रिमोटवर चालणारी एक क्रॉलर होती. खऱ्या गाडीच्या एक दशांश, दगडधोंडे चढायला केलेली.

रविवारी दोघं पांडवलेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याला जायचे. तिथल्या एका काळ्या धोंड्यावर गाडी दर वेळी आडवी व्हायची. चाकांना पकड होती, मोटरला दम होता, पण गाडी कलली की वरचा भार तिला पाडायचा.

एका रात्री भाच्यानं चारही शॉकअप काढून उलटे लावले. तेलाची नळी खाली अ‍ॅक्सलला, दांडा वर चासीला.

मामानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे, जड बाजू वर असते. चाकाबरोबर हलणारं वजन जितकं कमी, तितकं चाक रस्ता धरून राहतं. मोटारसायकलचे उलटे फोर्क त्यासाठीही उलटे असतात."

"पण मामा, ही पळते कुठे?"

मामा गप्प झाला. चालत्या माणसाच्याही मागे राहणारी गाडी ती! तिचं चाक उडणार कसं? उलट नळी आणि तेल खाली गेलं तर कलताना आधारच होणार. त्यानं पाना मागून घेतला.

"मग नीट तरी लाव," म्हणत त्यानं एक शॉकअप उघडला. नळीत सिलिकॉन तेल काठोकाठ भरलं आणि दांडा सावकाश वर-खाली केला. पिस्टनच्या बारीक भोकांतून बुडबुडे सुटत राहिले, तो थांबून राहिला. "हवा वर जाते. सरळ शॉकअपमध्ये ती टोपीशी बसते. उलट्यात ती सीलपाशी येणार, आणि चाक खाली लोंबलं की पिस्टन नेमका तिच्यातच शिरणार. मग तेल रोखणार कुणाला?"

पुढच्या रविवारी गाडी धोंडा चढली. नळ्यांवर दगडाचे ओरखडे उठले. तेवढी किंमत पडलीच.

ते पाहून शेजारच्या मुलानंही आपल्या गाडीचे शॉकअप उलटे केले. त्याची होती रेसिंग बग्गी. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर त्यानं ती सोडली, तर जरा खाचखळगा आला की चाकं टणाटण उडायला लागली. तो रागावूनच आला. "तुमचं बघून केलं, काका!"

मामाचा नियम खोटा नव्हता, भाच्याची युक्तीही खोटी नव्हती. नियम वेगासाठी होता आणि युक्ती चढासाठी. शेजारच्या मुलानं फक्त नळीचं तोंड कुठे आहे तेवढं पाहिलं होतं.

"तुझी गाडी चढते की पळते?" मामानं विचारलं.

"पळते."

"मग आण इकडे." त्यानं पाना भाच्याच्या हातात दिला. "आणि सरळ का करायचे, ते तू सांग याला."