कोठार आणि कुपीतले तेल

बायबलमध्ये धान्याची कोठारे भरणारी दोन माणसे आहेत. पहिला उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ. मिसरच्या फारोला पडलेल्या स्वप्नाचा त्याने अर्थ सांगितला: सात वर्षे सुबत्तेची, त्यामागून सात दुष्काळाची. उपायही त्यानेच सुचवला. सुबत्तेच्या काळात पिकाचा पाचवा हिस्सा घेऊन नगरोनगरी साठवायचा. दुष्काळात त्या साठ्यावर मिसर तगला आणि शेजारच्या मुलखांतूनही लोक धान्य न्यायला आले. धान्य फुकट मिळाले नाही. पुढे लोकांची गुरे आणि जमिनी फारोच्या पदरात पडल्या, ही बाजू प्रवचनांत सहसा येत नाही. दुसरा लूकच्या शुभवर्तमानातला धनवान. पीक उदंड आले म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचा बेत तो करतो आणि त्याच रात्री मरतो. साठवणे दोघांच्याही मनात होते. पण योसेफाच्या हिशेबात सारा देश होता, धनवानाच्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘माझे’ यांपलीकडे कोणी नाही.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला दहा कुमारींचा दृष्टांत याहून अवघड आहे. दहाही जणी दिवे घेऊन वराची वाट पाहतात. त्याला उशीर होतो, दहाही जणींना झोप लागते. त्यांतल्या पाच शहाण्या जाग्या राहिल्या, असे अनेकांच्या डोक्यात असते, पण मूळ कथेत तसे नाही. फरक एवढाच, की पाच जणींनी कुपीत जादा तेल घेतले होते. मध्यरात्री हाक येते तेव्हा उरलेल्या पाच जणी तेल मागतात आणि त्यांना नकार मिळतो. दया शिकवणाऱ्या धर्मात हा नकार खटकतो. तेल म्हणजे अंगी मुरलेली श्रद्धा आणि आचरण असा अर्थ घेतला, तर त्याची संगती लागते. ते ऐन वेळी उसने मिळत नाही.

उद्याची चिंता करू नका, असेही हेच शुभवर्तमान सांगते. तिथले मूळ ग्रीक क्रियापद मन पोखरणाऱ्या काळजीसाठी आहे, नियोजनासाठी नव्हे. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा अंदाज घ्यावा, हे तर लूकमध्ये येशूच सांगतो. वर्षभराच्या व्यापाराचे बेत आखणाऱ्यांना याकोबाचे पत्र फटकारते, ते प्रभूची इच्छा विसरून मारलेल्या बढाईबद्दल.

आधीपासून केलेल्या अशा तयारीचे मराठीतले ठळक उदाहरण केडगावला सापडते. सामान्य बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचे पंडिता रमाबाईंनी ठरवले. संस्कृतातली ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या या बाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. केडगावातल्या आपल्या मुक्ती मिशन या संस्थेत छापखाना चालवला आणि तिथल्या स्त्रियांना खिळे जुळवायला शिकवले. भाषांतर अनेक वर्षे चालले. १९२२ साली रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली.